कुंदनला उभे करणारी चौकट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. फोटोची नव्हे, माणसाची. ज्या मुलांचे पाय आपणहून उभे राहत नाहीत, त्यांना मी छातीच्या, कमरेच्या आणि गुडघ्यांच्या पट्ट्यांनी धरून उभे करते. डिंडोलीच्या गोपाल सुताराने मला घडवले. माझे कोपरे त्याने स्वतःच्या गालावर फिरवून पाहिले होते.

माझ्यात उभा राहणारा कुंदन चार वर्षांचा होता. त्याला तोवर शब्दही फुटला नव्हता. थेरपी केंद्रातल्या वृषालीताईंनी नियम घातला, की त्याला रोज अर्धा तासच उभे करायचे, 'झालं' हा शब्द शिकवत राहायचा आणि तो तसे म्हणाला, की लगेच पट्टे सोडायचे. एके दिवशी कुंदन घरच्या अहिराणीत म्हणाला, "झायं." हा त्याचा पहिला शब्द! त्याची आई अनुसया रडली आणि मग तिने गल्लीभर गूळ वाटला. मलासुद्धा हळदीकुंकू लागले.

पुढे लग्नसराई आली. अनुसयेने साड्यांना खडे चिकटवायचे काम घरी आणले. खाली ठेवला, की कुंदन सरपटत येई आणि खडे तोंडात घाली. एकदा खडा घशात अडकता अडकता राहिला. तेव्हापासून ती त्याला सकाळीच माझ्यात बांधू लागली.

"झायं," तो म्हणे.

"थांब जरासा, आते येस," असे म्हणून ती पुढची साडी ओढी.

तो पुन्हा म्हणे, मग ओरडून म्हणे. माझ्या फळीवर त्याचे खेळायचे ठोकळे असत. तिथे आता साड्यांची चवड आली. मला फार राग येई, पण सुताराने मला फक्त धरायला शिकवले होते, सोडायला नाही. हळूहळू कुंदन गप्प झाला. शेजारच्या पुष्पाबाई कौतुकाने म्हणाल्या, "कितला शांत पोऱ्या शे." अनुसयेला बरे वाटले.

लग्नसराई सरल्यावर वृषालीताई घरी आल्या. त्यांनी कुंदनला माझ्यात उभे केले आणि शब्दाची वाट पाहिली. त्याला घाम फुटला, ओठ थरथरला, पण आवाज आला नाही. घरी म्हणतो ना, असे त्यांनी विचारले.

"आते काही बोलस नही, ताई. त्याले तरासच होस नही."

ताईंनी पट्टे सोडून त्याची पँट वर केली. माझ्या पट्ट्यांनी दोन्ही गुडघे सोलवटले होते. त्यांवर अनुसयेनेच रोज लावलेली हळद होती.

आता तिने खडे परत केले आहेत. ती माझ्यापुढे बसते, पट्ट्यावर हात ठेवते आणि विचारत राहते, "झायं का, बेटा?" कुंदन तिच्याकडे पाहतसुद्धा नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. मी मोडले तर गोपाल मला पुन्हा ठोकून देईल. पण एखादे मूल मोठ्या कष्टाने तुम्हाला काही सांगत असेल, तर हातातले काम टाकून उठा. त्याचा गेलेला शब्द कोणत्याही सुताराला ठोकून देता येत नाही.