आत्या गोड बोलली

आत्याने धाकटीच्या केसांवरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "दमलीस ना बाळा? पड निवांत." झालं, धाकटी धसकलीच.

लाँड्री चालवणाऱ्या या आत्याच्या तोंडून गोड शब्द घरात कुणी ऐकला नव्हता. काल भाचीला ऑपरेशनला नेतानासुद्धा स्ट्रेचरवरची चादर बघून तिने वॉर्डबॉयला झापलं होतं, "ही इस्त्री आहे की चेष्टा?" आणि आज उशीच्या अभ्र्यावरचा औषधाचा डाग तिच्या नाकासमोर असून तिला दिसला नव्हता.

धाकटीने आपल्या यकृताचा मोठा तुकडा बाबांना दिला होता. बाबा वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात. सकाळी शुद्धीवर आले, नर्सशी दोन शब्द बोलले, सगळे खूश झाले. पण डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "चेहऱ्यावर जाऊ नका. आम्ही रक्तातलं लॅक्टेट बघतो. नवं यकृत कामाला लागलं की ते उतरतं. चढत गेलं तर मात्र मूत्रपिंडं, फुप्फुसं एकेक करून बसायला लागतात. माणूस हसत असतो, तेव्हाच रक्तात ते दिसायला लागतं."

"आत्या, लॅक्टेट किती आलं?"

"तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

"चढलंय?"

आत्या पाण्याचा ग्लास उगाच इकडचा तिकडे करत राहिली. "थोडंसं. लघवीही कमी झालीय म्हणे. दुपारी परत रक्त काढणार आहेत."

बाबा जातील ही भीती धाकटीला होतीच, पण तिच्या मागून दुसरी आली, कुणाला सांगता न येणारी. आपलाच तुकडा त्यांना मारत असेल तर? कामं अर्धवट टाकण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. बाबांसाठी विणायला घेतलेला स्वेटर अजून एका बाहीवर अडला होता. यकृतही तसंच निघालं तर?

"आत्या, मला रागव ना. नेहमीसारखी."

आत्याने घसा खाकरला. "किती तो पसारा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच फुटला. टेबलावर तो ग्लास आणि एक चमचा तेवढा होता.

दुपारी जेवण आलं आणि आत्या वर गेली. बाहेर पावलं वाजली की धाकटीचा जीव टांगणीला लागायचा, पावलं पुढे निघून गेली की आणखीच भीती वाटायची. टाक्यांवर हात ठेवून ती दाराकडे बघत पडून राहिली.

आत्या आली ती दारातच थांबली. डोळे लाल. मग तरातरा पुढे येऊन तिने भाचीच्या डोक्याखालची उशी काढली आणि अभ्रा ओढून काढला.

"हा डाग कधीचा आहे? तोंड शिवलंय का तुझं? एवढी शिकलीस, अभ्रा बदलून मागता येत नाही? आणि हे जेवण तसंच? कुणासाठी ठेवलंस?"

"आत्या, हे खरं रागावणं आहे ना?"

"मग काय नाटक करतेय मी? उतरलंय ते मेलं लॅक्टेट. अजून बरंच उतरायचंय, लगेच नाचू नका म्हणाल्या डॉक्टरीणबाई. आणि रडू नकोस, टाके ओढले जातील."

धाकटी रडायचं थांबेना. आत्या बोलतच राहिली, आणि त्याच डागाळलेल्या अभ्र्याने आपले डोळे पुसत राहिली.