टाळ्या आणि कोठडी

ऑरिन हॉगलंड तिसऱ्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, तेव्हा आमच्या मिनेसोटातल्या कोर्टाने त्याला विचारलं: तुरुंग हवा, की दीड वर्ष उपचार, तपासण्या आणि दर मंगळवारी न्यायाधीशबाईंपुढे हजेरी? त्याने हजेरी पत्करली. गाडीत यंत्र बसलं. त्यात फुंकायचं, दारू आढळली तर इंजिन सुरूच होत नाही.

हिवाळ्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग एकदा गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना शेजाऱ्याने बिअर पुढे केली आणि ऑरिनने ती घेतली. कुणाला कळलं नाही. पुढची तपासणीही स्वच्छ आली.

मंगळवारी न्यायाधीश थीबोबाईंनी सहज विचारलं, "काय ऑरिन, तळ्यावर काही लागलं का गळाला?"

"बिअर," तो म्हणाला.

आपण हे का बोललो, त्यालाच कळेना.

"तपासणीत तर काही दिसलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तरी स्वतःहून सांगितलंत." त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ सगळ्यांनी, अगदी सरकारी वकिलानेही. मग त्या म्हणाल्या, "आता शनिवार-रविवार कोठडी."

"पण आत्ता टाळ्या..."

"त्या खरं बोलल्याच्या."

"आणि कोठडी?"

"ती बिअरची."

रविवारी त्याची बायको मार्लिस त्याला न्यायला आली. गाडीत बसताच त्याने विचारलं, "अगं, मला शाबासकी मिळाली की शिक्षा?"

"मला काय विचारतोस?"

"तू होतीस ना त्या दिवशी कोर्टात. तूही वाजवल्यास टाळ्या?"

"नाही."

"का?"

"मी वीस वर्षं विचारतेय, प्यायलास का म्हणून. दर वेळी नाही म्हणालास. त्या बाईने मासे विचारले, तर तिला बिअर सांगितलीस. मी कशाला टाळ्या वाजवू?"

ऑरिनचं डोकं आणखीच गोंधळलं. तो म्हणाला, "मग आता विचार."

"काय विचारू?"

"काहीही."

मार्लिसने समोर बर्फाकडे पाहत विचारलं, "कशी लागली ती बिअर?"

"झकास," तो म्हणून गेला आणि दचकून तिच्याकडे पाहू लागला. बरोबर बोललो की चुकलो?

मार्लिसने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे काही त्याला उमगलं नाही. तिने यंत्रात फुंकून गाडी सुरू केली.

"पट्टा लाव," ती म्हणाली. "जेवण गार होतंय."