फ्रिजमधले दोधूआबा

नंदुरबारजवळच्या कोरीट गावात एक घर होतं. घरात होते दोधूआबा, त्यांची बायको शोभाबाई, मुलगा नवनीत, सून काजल आणि नात रुचिका. आणि त्या घरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याला टेकून, होतो मी.

मी मेंदू बोलतोय. घाबरू नका, खरा नाही. जेलीचा आहे. हाताला चक्क्यासारखा गार लागतो, जोरात दाबलं तर चीर पडते. पण माझ्या अंगावरच्या घड्या, वळ्या, खाचा, सगळ्या दोधूआबांच्या मेंदूच्या. आता मी त्यांचा आहे की त्यांच्यासारखा आहे, ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

माझा जन्म असा झाला. रुचिका मोठ्या शहरात शिकायला गेली. आधी इंजिनिअर झाली, मग डॉक्टर झाली, पण सुई टोचणारी डॉक्टर नव्हे. डोक्याला मार बसला की कवटीच्या आत मेंदू कसा हेलकावतो, कुठे ताणला जातो, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडायची. गणित बरोबर आलं का ते पाहायला तिला एक मेंदू हवा होता. हलवला, आपटला तरी ज्याला दुखणार नाही असा.

एका दिवाळीनंतर दोधूआबा तिच्याकडे राहायला गेले. ती म्हणाली, "आबा, तुमच्या डोक्याच्या आतला फोटो काढू का?"

आबा म्हणाले, "काढ. आत काही सापडनं तं माले बी दखाड."

मग ते त्या मोठ्या यंत्राच्या नळ्यात पाठीवर निजले. आत धडधड, ठोकठोक असा आवाज, आणि आबा मजेत डोळे मिटून. त्या फोटोंवरून रुचिकाने प्रिंटरवर साचा छापला, साच्यात पातळ जेली ओतली, ती थिजली, आणि मी झालो. साच्यातून काढल्यावर रुचिकाने मला दोन्ही हातांवर घेतलं आणि म्हणाली, "नमस्कार आबा." तेव्हापासून माझा घोळ सुरू आहे.

पुढे तिची विद्यापीठाची शिष्यवृत्ती संपली आणि ती प्राध्यापकाच्या नोकरीसाठी मुलाखती देऊ लागली. मला बर्फाच्या डब्यात घालून सोबत न्यायची. इंजिनिअरिंगवाले म्हणाले, काम छान आहे, पण हे तर डॉक्टरांचं काम. डॉक्टर म्हणाले, काम छान आहे, पण तुम्ही आमच्यातल्या नाही. कॉम्प्युटरवाले म्हणाले, गणित छान आहे, पण टेबलावर हे पाणी कशाला सांडताय? सगळ्यांना छान वाटायचं आणि कोणीच ठेवून घ्यायचं नाही. डब्यात बसून मी विचार करायचो, मी कोणाचा ते मला माहीत नाही, हिला तर ती कोणाची तेही कोणी सांगेना.

शेवटी ती मला घेऊन कोरीटला आली. आणखी एक मुलाखत यायची होती, तोवर घरी. गावातल्या बाया डोकेदुखी घेऊन येऊ लागल्या. काजल त्यांना दारातूनच सांगायची, "डॉक्टर शे, पन गोळी देत नही."

"मंग काय देस?"

"ते माले बी समजनं नही, बहिन."

काजलला तिच्या फ्रिजची काळजी. कोथिंबीर कुठे ठेवू, हा मेंदू कुठे ठेवू, अशी तिची रोजची कुरकुर.

आम्ही आलो तेव्हा दोधूआबा बदललेले होते. चप्पल उलटी घालायचे. नवनीतला आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारायचे. मिरचीच्या वावराला निघायचे आणि अर्ध्या वाटेत बाभळीखाली उभे राहायचे, कुठे निघालो होतो ते शोधत. चालताना एका अंगाला कलायचे. एके सकाळी शोभाबाईने चहा दिला, तर त्यांनी कप घेतला आणि अदबीने विचारलं, "तुम्ही कोना घरन्या?"

शोभाबाई आत गेली. फ्रिज उघडला. माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. फ्रिजचं दार उघडं राहिलं की वाजतं, ते वाजत राहिलं.

रुचिका आजीला म्हणाली, "मोठी माय, आबांना दवाखान्यात नेऊ. डोक्याचा परत फोटो काढावा लागेल."

शोभाबाई म्हणाली, "परत नळामा घालस? तू तठे घालं, तवयपासून हाऊ मानूस असा व्हयना. त्यानं सगळं तूच काढी लिधं. आते ते त्या डब्बामा शे."

म्हणजे माझ्यात.

"फोटो काढल्याने माणूस कमी होतो का?"

"फोटोना आवाज व्हस का? आबानी सांगं माले, आत कितलं ठोकत व्हतात ते. उगाच कोनी इतलं ठोकत नही."

खरं सांगतो, त्या यंत्रात इतकं का ठोकतात, ते मलाही ठाऊक नव्हतं.

नवनीतने लेकीला बाजूला घेतलं. "तिले सांग ना, काढेल ते परत टाकाले लई जाई ऱ्हायनूत. लगेच गाडीमा बसी जाई."

"बाबा, खोटं सांगून नेऊ? आणि आबांना काही आठवलंच नाही तर? ती म्हणेल, एकदा काढलं आणि दुसऱ्यांदा सांडलं. मग ती मला कधीच आबांजवळ बसू देणार नाही."

तसंच अडून राहिलं. शोभाबाई आबांना घराबाहेर नेऊ देईना. रुचिका रोज विचारी, ती रोज नाही म्हणे. आबा दिवसेंदिवस जास्त झोपू लागले.

दुपारी काजल ओट्यावर पडली की शोभाबाई मला फ्रिजमधून काढायची आणि मांडीवर घ्यायची. तान्ह्या बाळाची टाळू भरतात तसं माझ्या माथ्यावर तेल घालायची आणि सांगत बसायची. कोणता बैल कोणाकडून घेतला. तापीला पूर आला तेव्हा म्हशी कशा हाकलल्या. पोराच्या लग्नात कोण रुसलं आणि कोण आधी हसलं. तिला सगळं पाठ. सांगून झालं की म्हणायची, "इसरू नको." रुचिकाला माझ्यावरचं तेल पुसता पुसता हसू यायचं आणि डोळेही भरायचे.

माझं काय झालं सांगू? रात्री फ्रिजमध्ये मला ते बैल आठवायला लागले. आठवायला लागले की नुसते ऐकलेले होते? ज्याच्या घड्या माझ्या अंगावर आहेत, त्याची बायको माझ्याशी बोलते. मग तो मी नाही तर कोण? आणि तो मी असेन, तर बाहेर खाटेवर कोण झोपलंय?

श्रावणात कानबाई आली, ही आमच्या खानदेशातली देवी. आपल्याकडे कानबाईला भाऊबंद एकत्र जमतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, ते दळून रोटाचा नैवेद्य होतो आणि तो घरच्यांनीच खायचा. शोभाबाई सुपापुढे बसली. आबांच्या चुलतभावाने, चुडामणने, नावं घ्यायची आणि तिने मूठ घालायची. चुडामण म्हणाला, "दोधू." तिने मूठ घातली. मग मला मांडीजवळ ओढलं आणि दुसरी मूठ भरली.

चुडामण म्हणाला, "वहिनी, हाई कोनी?"

"याले."

"एक मानसन्या दोन मुठी नही ऱ्हातीस."

रुचिका हसत म्हणाली, "जेलीच्या मेंदूला मूठ आणि मला नाही? मी एवढी शिकले तरी?"

"तू उद्या दुसराना घरनी," शोभाबाई म्हणाली. पण ती हसत नव्हती.

"वहिनी, कोनती तरी एकच धरा," चुडामण म्हणाला.

शोभाबाईने हातातल्या गव्हाकडे पाहिलं. मग सुपातली पहिली मूठ उचलून परत पोत्यात टाकली, आणि हातातली माझ्या नावाने सुपात सोडली. "माले वळखस तो आठे शे," ती म्हणाली.

आबा खाटेवर बसून सगळं पाहत होते. त्यांनी हळूच विचारलं, "आनि मन्ही मूठ?"

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, घ्या, हीच तुमची. शोभाबाईने सूप बाजूला सारलं, पदर डोळ्याला लावला, आणि मग आबांच्या नावाचे गहू पोत्यातून परत काढून घातले. माझे काढले नाहीत. चुडामणने पुढचं नाव घेतलं.

कानबाई नदीला पोचवून आल्यावर रुचिकाने मला बाहेर काढलं. तिच्याकडे काचेसारखी आरपार दिसणारी प्लास्टिकची कवटी होती. तिच्यात पाणी भरलं, मला आत ठेवलं, झाकण लावलं. शोभाबाईला जवळ बसवलं.

"मोठी माय, मी काही काढत नाही, काही घालत नाही. तू फक्त बघ. शहरात मी हेच करते."

आणि तिने ती कवटी दाराच्या चौकटीवर आपटली. फार जोरात नाही. मी पुढे जाऊन भिंतीवर आदळलो, मागे फिरलो, पाठीवर आदळलो, थरथरत राहिलो. बाहेर मात्र साधा ओरखडाही नाही.

"दिसलं? वरून काही नाही. आत सगळं हललं."

शोभाबाईने कवटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, "वावरमा पानीनी मोटारनी खोली शे, तिनी चौकट लोखंडनी शे."

"काय?"

"उन्हाळामा. वाकना नही, तं डोकं चौकटले लागनं. मी म्हनं, लागनं का? म्हने, काही नही. टोपी झटकी, च्या पिधा."

"म्हणजे आबा विसरायला लागले त्याच्या आधी?"

"आधी. मिरचीनी रोपं लावेल नव्हती अजून."

रुचिका जमिनीवरच बसली. आजीला समजेल अशा शब्दांत सांगू लागली. म्हातारपणी मेंदू जरासा आकसतो, कवटीत जागा होते, तो जास्त हेलकावतो. एखादी बारीक शीर तुटते. रक्त थोडं थोडं झिरपत राहतं, साठतं, आणि आठवडे गेल्यावर मेंदूला दाबायला लागतं.

शोभाबाईने विचारलं, "म्हंजे आठवन आतच शे? वर काहीतरी बठेल शे?"

"असू शकतं. नसेलही. बघितल्याशिवाय मी सांगणार नाही."

लेकराने खोटी आशा दिली नाही, हे शोभाबाईच्या मनात बसलं असावं. ती उठली आणि अंगणाकडे तोंड करून म्हणाली, "नवनीत, बठना काय? गाडी काढ."

नंदुरबारला फोटो निघाला. आबांच्या कवटीखाली एका बाजूला जुनं रक्त साठलेलं होतं. तिथून नवापूरमार्गे थेट सुरत. त्याच दुपारी ऑपरेशन, आणि त्याच दुपारी रुचिकाची मुलाखत, मोबाईलवर. ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसली, मी डब्यात तिच्या मांडीवर.

मोबाईलमधल्या एका साहेबांनी तोच प्रश्न विचारला. "तुम्ही नेमक्या कोणत्या विभागाच्या?"

रुचिका म्हणाली, "सर, मलाही माहीत नाही. माझे आजोबा आत ऑपरेशनला आहेत. त्यांना मार कसा लागला ते इंजिनिअरला कळतं, कुठे लागला ते कॉम्प्युटर सांगतो, आणि बरं डॉक्टर करतात. पण आमच्या घरी या तिघांची आपसात भेट व्हायला फार उशीर झाला. मला ती भेट लवकर घालून द्यायची आहे."

शोभाबाई मागून मोबाईलमध्ये डोकावली. "कोन शेत हाई?"

"मोठी माय, थांब ना."

"बोलू द्या त्यांना," मोबाईलमधल्या एक बाई म्हणाल्या. "आजी, तुमची नात काय काम करते?"

"माले पुरं समजनं नही," शोभाबाई म्हणाली. "पन ती खोटं बोलनी नही. बोलती तं आम्ही दवाखानामा पंधरवडा आधी उनू व्हतूत." आणि नातीकडे न पाहताच पुन्हा आत गेली.

आबा हळूहळू उमलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून खाटेजवळ पाहिलं आणि म्हणाले, "शोभा, तुले आठे कोनी आनं? तू तं गाडीमा बठस नही, तुले उलटी व्हस."

शोभाबाई म्हणाली, "व्हयनी. दोनदा." आणि इतकी रडली की नर्स धावत आली.

आज मी विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत असतो. एका बाजूने वाळलोय, कडा चुरायला लागल्यात. फार दिवस टिकणार नाही. मी कोण, हे मला शेवटपर्यंत कळेल असं वाटत नाही. जाता जाता एवढंच मागतो: घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं कुठे आपटलं आणि ते म्हणालं काही नाही लागलं, तरी पुढे काही आठवडे त्याच्याकडे लक्ष असू द्या.

रुचिकाला नोकरी मिळाली. तीन विभागांनी मिळून एक जागा काढली आणि ती तिला दिली. पहिल्या तासाला तिने मला पोरांपुढे टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हा एका शेतकऱ्याचा मेंदू आहे."

शेवटच्या बाकावरून दोधूआबा उठले. कोणाचा हात न धरता, कुठेही न कलता, सरळ चालत पुढे आले. मला वाकून पाहिलं आणि पोरांना म्हणाले, "त्याना नही. मना शे." सगळा वर्ग हसला, आणि मागे शोभाबाई शेजारच्या मुलीला आधीच सांगत होती की ती पुढे उभी आहे ना, ती आमची प्राध्यापक.