बिनदारांचं कपाट

मित्रांनो, मला पाहून हसू नका. मी वाचनालयातलं एक जुनं कपाट आहे आणि मला दारं नाहीत. पण एके काळी होती, चांगली काचेची होती, आणि त्यांचा मला कोण तोरा होता!

मला इथे दिलं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांची आई पुस्तकवेडी. ती गेल्यावर बाईंनी सुताराकडून मला घडवून घेतलं, आईची सगळी पुस्तकं माझ्या पोटात भरली आणि गल्लीतल्या या वाचनालयाला देऊन टाकली. ग्रंथपालकाका हरखूनच गेले. "देणगीची वस्तू, ओरखडा पडला तर बाईंना काय तोंड दाखवू?" असं म्हणत त्यांनी मला कुलूपच घातलं. मला रोज पुसायचे, काच चकचकीत ठेवायचे. पुस्तक मात्र कुणाला द्यायचे नाहीत. माझ्या लाडाला पारावार नव्हता, पण पोटातली पुस्तकं गुदमरत होती.

एक दिवस बाई आल्या. पुस्तकं जशीच्या तशी पाहून त्यांचा चेहराच पडला.

"काका, एकही कुणी नेलं नाही? मग मी आपली घरी घेऊन जाते."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मुकाट्याने कुलूप काढलं.

तेवढ्यात बेकरीतल्या मावशी पुढे आल्या. काम आटोपलं की त्या रोज माझ्या काचेपाशी येऊन उभ्या राहायच्या.

"ताई, न्यायच्या आधी एक सांगाल? त्या निळ्या पुस्तकातली धाकटी बहीण शेवटी घरी येते का हो? तुमच्या आईंनीच मला वाचायला दिलं होतं. त्या आजारी पडल्या, तसं मी अर्ध्यावरच परत केलं."

"मला कुठलं ठाऊक! माझा जन्म गेला लोकांचे दात बघण्यात." हसता हसता बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी निळं पुस्तक काढून मावशींच्या हातात ठेवलं. "वाचा, आणि मला सांगा. बाकीचीही राहू देत इथेच."

काकांनी दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून माझी दारं उतरवली. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आता माझ्यापाशी सतत कुणीतरी असतं. लहान मुलं माझ्या खालच्या फळीवर बिनधास्त पाय देतात, आणि काका नुसते "अरे, अरे" करतात.

मित्रांनो, माझ्या अंगावरचे ओरखडे पाहून हळहळू नका. माझी काळजी घ्यायचीच असेल, तर मला जरा रिकामं करा.

मावशींनी पुस्तक संपवलं, पण शेवट काही सांगितला नाही. "तुम्हीच वाचा," म्हणाल्या. म्हणून निळ्या पुस्तकाची जागा आजही मोकळी आहे. ते डॉक्टरीणबाईंच्या उशाशी आहे.