क्रॅन्डलच्या खणातला रानकोंबडा

आमच्या पिस्कॅटवेच्या घराला लागून फ्रँक ह्यूबलर नावाचा म्हातारा राहायचा आणि त्याच्या बेसमेंटमध्ये एक अख्खं मेलेलं दुकान होतं. क्रॅन्डल अँड वाइज. शिकारीचं आणि मासेमारीचं सामान विकणारं हे दुकान एके काळी म्हणे न्यू जर्सीत नावाजलेलं. फ्रँक तिथल्या मासेमारीच्या काउंटरवर उभा राहून राहून म्हातारा झाला. दुकानाचं दिवाळं वाजलं, तेव्हा बाकीचे लोक दुसऱ्या नोकऱ्या शोधायला लागले आणि हा बाबा तिथले लाकडी खण, वेताच्या टोपल्या, बांबूचे गळ, लाकडी बदकं असलं सगळं ट्रकमध्ये भरून घरी घेऊन आला. विकायचं काही नाही, नुसतं मांडून ठेवायचं. मी म्हणायची, भंगार जमवायचं वेड आहे मेल्याला!

तसा क्रॅन्डलचा आणि आमचा संबंध जुना. आम्ही नवीन आलो त्या हिवाळ्यात आमचे एकनाथराव, म्हणजे माझा नवरा, तिथल्या सेलमधून दोन कोट घेऊन आला. रंग बघते तर भगवा! भगवा म्हणजे कसा, डोळे दिपतील असा. "बघ शैला, अमेरिकेतसुद्धा भगवा मिळतो," म्हणाला. ते घालून आम्ही ऐटीत मंडळाच्या शिवजयंतीला गेलो. लोकांना इतके आवडले की पुढच्या वर्षी अर्धं मंडळ क्रॅन्डलचे कोट घालून आलं. मग कधीतरी ऑफिसातल्या कुणी तरी एकनाथला विचारलं, यंदा हरीण मिळालं का? तेव्हा कळलं की हे शिकाऱ्यांचे कोट. रानात एका शिकाऱ्याला दुसरा शिकारी लांबून दिसावा, हरीण समजून त्यानं गोळी घालू नये, म्हणून हा रंग. कप्पाळ! विकले होते फ्रँकनंच, सेलपुरता कोटांपाशी उभा राहून. "मला वाटलं, तुम्हा लोकांना शिकारीचा फार नाद असतो," असं तो नंतर म्हणाला आणि पोट धरून हसला.

हे सगळं सांगतेय ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील, त्र्यंबक गुरुजी. आजऱ्याच्या रानाकडेला आमचं गाव, तिथे ते शाळामास्तर होते. चौऱ्याऐंशी साली आई गेली आणि अण्णांचं बोलणंच गेलं. आजारबिजार काही नाही. विचारलं की "हं" म्हणायचे, नाही विचारलं की तेवढंही नाही. मी एकुलती एक. गावात त्यांच्या ताटात कोण वाढणार? मी गेले आणि त्यांना इकडे घेऊन आले. मला ते कायमचे हवे होते, अगदी स्पष्ट सांगते. ग्रीन कार्डचे कागद आणून ठेवले होते, सही तेवढी राहिली होती. व्हिसाची मुदत संपत आलेली आणि मी रोज गळ घालतेय, अण्णा, राहा हो. अण्णा खिडकीत बसून पानगळ बघतायत. "हं."

असा राग यायचा मला! रडू पण यायचं. माझे अण्णा असे नव्हते हो. लहानपणी मी रानात जांभळं, तोरणं खात कुठेही भटकायची. संध्याकाळ झाली की अण्णा रानाच्या तोंडाशी उभे राहून रानकोंबड्याची साद घालायचे. कुक्, काया-काया, कुक्! इतकी हुबेहूब की खरा कोंबडा उलट ओरडायचा. त्या सादेचा आमच्यातला अर्थ होता, कुठे आहेस? मग मी जिथे असेन तिथून कोंबडीसारखं कुक्-कुक् करायचं. म्हणजे, इथे आहे. नाव घेऊन हाका मारल्याचं मला आठवतच नाही.

तर एका शनिवारी फ्रँक कुंपणापाशी आला. म्हणाला, "तुझ्या वडिलांना आण ना खाली. म्हाताऱ्यांनी जुन्या वस्तू बघाव्यात." मला काही फार उत्साह नव्हता. पण घरात बसून तरी काय होत होतं! एकनाथचा तो भगवा कोट अण्णांच्या अंगात अडकवला आणि घेऊन गेले. सीमा, माझी मुलगी, ती पण आली मागोमाग.

जिना उतरलो आणि अगं बाई, मी बघतच राहिले. इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी खाली उतरले नव्हते. बाहेर राखाडी पावसाळी दुपार आणि इथे पिवळ्या दिव्यांत सगळं लखलखतंय. बांबूचे गळ, म्हणजे आपल्या पोरांच्या काठ्या नव्हेत, बांबूच्या सहा चिरफाळ्या चिकटवून केलेले, मधासारख्या रंगाचे. गळाची दोरी गुंडाळायच्या पितळी फिरक्या. हिरव्या कॅनव्हासच्या पिशव्या, त्यांना वापरून वापरून काळी झालेली चामड्याची बक्कलं. तळ्यावर खऱ्या बदकांना फसवायला सोडायची लाकडी बदकं, त्यांचं पीस न् पीस रंगवलेलं. भिंतीवर दुकानाची पाटी, तिच्याखाली जुने कॅटलॉग. डांबरगोळ्यांचा वास. फ्रँकनं कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले, पुसले आणि मगच पहिल्या खणाला हात लावला. ते बघून मी माझे सँडल जिन्यापाशी काढून ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं.

फ्रँक एकेक वस्तू उचलायचा आणि कुणी कधी घेतली, कुणी पहिल्या पगारात घेतली, कुणाला वडिलांनी घेऊन दिली, सगळं सांगायचा. "क्रॅन्डलचा एक नियम होता," म्हणाला, "वस्तू कधीही परत आणा. वीस वर्षांनी आणा. प्रश्न विचारायचा नाही." पुढे लाकडी शिट्ट्यांचा खण निघाला, बदकांना बोलवायच्या. त्यानं एक फुंकली, क्वॅक क्वॅक. सीमा हसली. अण्णा म्हणाले, "हं."

मग त्यानं सपाट, रुंद असा एक खण ओढला. काय सांगू! आत मखमलीवर शंभर तरी दागिने मांडलेले. लाल, निळे, सोनेरी, बोटाच्या पेराएवढे. हे फ्लाय, म्हणजे माशा, फ्रँकनं स्वतः केलेल्या. गळाच्या आकड्याला पिसं, रेशीम आणि सोनेरी तार गुंडाळून माशी करायची आणि तिला भुलून मासा येतो. माशी करून मासा धरायचा, मला गंमत वाटली. मी अण्णांना ते सांगायला वळले, तर अण्णा खणावर वाकलेले. नाक मखमलीला लागेल इतके.

"शैले," ते म्हणाले.

आई गेल्यापासून माझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"शैले, हा आपला रानकोंबडा."

"काहीतरीच काय अण्णा!"

"मानेवरचं पीस आहे. मी ओळखणार नाही होय?" आणि त्यांनी बोट दाखवलं. माशीच्या दोन्ही गालांवर बारीकसं काळं पीस आणि त्याच्या टोकाला मेणाचा थेंब पडावा तसा पिवळट ठिपका.

फ्रँकला विचारलं. म्हणाला, "ते? ते जंगल कॉक." मी मनात म्हटलं, जंगल म्हणजे आफ्रिकेतलं असणार. फ्रँकनं पुन्हा हात धुतले. सगळ्यांत खालचा खण उघडून हिरव्या कागदात गुंडाळलेलं काही तरी काढलं. पक्ष्याच्या मानेचं अख्खं कातडं, पिसांसकट. शेकडो ठिपके, एकाखाली एक, दिव्यात चमकणारे. क्रॅन्डलकडचं हे शेवटचं, म्हणाला, माल यायचा बंद झाला, आता कुठे मिळत नाही, लोक मागायला येतात पण मी देत नाही. त्याला दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, इंडिया.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आजऱ्याचं रान कुठे, पिस्कॅटवे कुठे!

आणि अण्णा बोलायला लागले. धरण फुटावं तसे. "तू लहान होतीस. एक व्यापारी यायचा बघ, कोंबड्याच्या नुसत्या माना विकत घ्यायचा. कशाला पाहिजेत, कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणायचं, मडमांच्या टोप्यांना लावतात. कुणी म्हणायचं, औषध करतात. लोकांनी रान पिंजून काढलं. देवराईत घुसले, शैले! जिथली वाळकी काटकी चुलीला आणायची नाही, तिथले कोंबडे मारले. मी शाळेत पोरांना सांगायचो, घरोघर सांगायचो, कोण ऐकतंय मास्तरचं? रान मुकं झालं होतं काही वर्षं. आणि ते सगळं कशासाठी, तर हे? मासा फसवायला?"

मला वाटलं, आता भडकणार. पण ते त्या माशीकडे बघत राहिले. "पण केलंय काय देखणं रे!" फ्रँकच्या हाताकडे बघत म्हणाले. "काय हात आहे माणसाचा!"

मी जमेल तसं फ्रँकला सांगितलं. देवराई म्हणजे देवाचं रान, तिथलं काही बाहेर न्यायचं नसतं. मग त्यानं विचारलं, "हा ओरडायचा कसा? मी आयुष्यभर त्याची पिसं विकली, पण आवाज कधी ऐकला नाही."

त्यानं विचारलेलं मी अण्णांना सांगितलं मात्र, त्यांनी कोट सारखा केला, मान वर केली.

कुक्! काया-काया! कुक्!

अहो, ते बेसमेंट घुमलं! पितळी फिरक्यांमधून किणकिण झाली असं मला वाटलं. एवढ्याशा म्हाताऱ्या छातीत तो आवाज कुठे दडून बसला होता, देव जाणे. सीमा ओरडली, "मॉम! आजोबा इज अ बर्ड!" फ्रँकनं हातातली शिट्टी हळूच खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली. मी तर रडतच होते. परत मिळाले, माझे अण्णा मला परत मिळाले, एवढंच डोक्यात. आता राहतील, आता सही करतील.

कसलं काय! अण्णांनी त्या पिसांना दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "हे परत न्यायला हवं."

घरी आल्यावर मी अशी तडकले की विचारू नका. "चार पिसांसाठी मला सोडून जाणार? मी सहा महिने गळ घालतेय त्याचं काही नाही? आणि आपल्याच देवराईतला कशावरून? देशात काय एकच रान आहे?"

"नसेलही आपल्यातला," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण कुणीतरी एकदा परत नेऊन ठेवायला पाहिजे का नको? मला वाटत होतं, ही गेली, आता माझं काही काम उरलं नाही. काम आहे, शैले." त्यांचे डोळे लकाकत होते. मी एवढी गळ घातली, पण ते लागले क्रॅन्डलच्या गळाला.

फ्रँककडे मागायला मीच गेले. लोकांना नाही म्हणणारा माणूस, शेवटची वस्तू, का देईल? त्यानं ऐकलं आणि उठून गळ्यात दुकानाचा जुना टाय बांधला. हिरव्या कागदात ते कातडं पुन्हा नीट गुंडाळलं, वर क्रॅन्डलचा शिक्का मारला. "नियम म्हणजे नियम," म्हणाला. "माल परत जातोय. प्रश्न विचारायचा नाही." मग शिक्का खणात ठेवत म्हणाला, "तुझे वडील क्रॅन्डलचं शेवटचं गिऱ्हाईक."

केनेडी विमानतळावर मी तोंड फुगवून उभी होते. बोलले असते तर तिथेच बसून भोकाड पसरलं असतं. अण्णा तोच भगवा कोट घालून निघाले होते, मुंबईत उकडेल म्हटलं तरी काढला नाही. गेटपाशी त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. आत एक पीस. काळं, टोकाला मेणाचा थेंब.

"अण्णा, देवराईतलं आहे ना? मग मला कसं चालेल?"

"देवाला सांगतो मी," ते म्हणाले. "सगळं आणलंय, एक तेवढं माझ्या पोरीपाशी आहे. तिला तिकडेच राहायचंय. माझ्या नावावर ठेवलंय म्हणून सांगतो."

आणि वळून चालायला लागले. किती माणसं, किती कोट, सगळे काळे नाहीतर तपकिरी, आणि त्यांतून तो एक भगवा रंग लांब लांब जातोय. त्या दिवशी मला त्या रंगाचा उपयोग कळला. अगदी वळणापाशी पोचल्यावर ते थांबले. मागे वळले नाहीत. नुसती मान वर केली.

कुक्! काया-काया! कुक्!

अख्खं गेट दचकलं. बायकांनी पोरं जवळ ओढली, एक शिपाई आमच्याकडे यायला लागला. एकनाथ म्हणाला, "अगं, लोक बघतायत."

बघेनात का! मी पुडी मुठीत घट्ट धरली आणि होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडले, कुक्-कुक्!

इथे आहे, अण्णा. मी इथे आहे.