काठावरची संत्री

जेसीबीचे दात दगडावर घासले आणि रागिणी खड्ड्यात डोकावली. दगड साधा नव्हता. घडीव होता, एकावर एक नीट बसवलेला. आणि तो निघाला कुठे, तर तिच्या रस्त्याखाली!

"हेच कालव्याचं अस्तर," ट्रस्टची इंजिनिअर प्रणाली म्हणाली. "मॅडम, कालवा त्या नाल्यात नाहीच. आपण कालव्यावर उभ्या आहोत."

सारं गाव रागिणी काळमेघकडे बघत उभं होतं. चांदूर बाजारकडच्या या गावात ती पाच वर्षं सरपंच होती आणि त्या पाच वर्षांतली एकच गोष्ट धड उरली होती, ती म्हणजे शेतांमधून जाणारा हा पांदण रस्ता. पूर्वी पावसाळ्यात या वाटेनं बैलसुद्धा जायला नाही म्हणायचा. आता संत्र्याचा ट्रक थेट बागेत जात होता. रस्त्याच्या तोंडाशी तिच्या नावाची पाटी होती. जाता-येता ती त्या पाटीकडे बघायची, खोटं कशाला सांगा.

यंदा तिनं कालवा मनावर घेतला होता. ती सून होऊन आली तेव्हाच तो कोरडा पडून बुजला होता. तो उघडला, तर शेवटच्या वस्तीवरच्या भाजीवाल्यांना उन्हाळ्यात पाणी मिळणार होतं. अमरावतीच्या एका ट्रस्टनं अर्धा खर्च कबूल केला. अर्धा गावानं उभा करायचा, आणि पावसाआधी काम झालं नाही तर ट्रस्टचे पैसे परत. रागिणी वर्गणीसाठी दारोदार फिरली. सगळ्यात आधी वस्तीवरच्या गंगूबाईनं दिले, बकरी विकून. कालव्याची जागा मात्र तिला नवऱ्यानं, गजेंद्रनं दाखवली होती: पलीकडचा, बेशरमाची झुडपं माजलेला नाला. सकाळपासून तो खणला, तर नुसता मुरूम, म्हणून दुपारी प्रणालीनं मशीन रस्त्याच्या कडेला लावायला सांगितलं होतं.

"मंग रस्ता तोडाचा?" रागिणीनं विचारलं. "ट्रक, शाळेच्या पोरी, कुठून जातीन?"

"रस्ता राहील की. कालव्याच्या काठानं एक वाट सोडलेलीच असते, साफसफाईसाठी. ती मोकळी करू. काठ कोणत्या बाजूला होता?"

प्रश्न साधा होता. कुणी चप्पल झटकू लागलं, कुणी जेसीबीवर बसलेल्या कुंदनकडे बघू लागलं. डावीकडे तेवढं कुणी बघेना. म्हणून रागिणीनं बघितलं.

डावीकडे त्यांचीच बाग होती. धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून संत्र्याच्या दोन ओळी, बाकी बागेपेक्षा हातभर उंच, आंबिया बहाराची हिरवी फळं लगडलेल्या. त्यातलं पहिलं झाड लग्नाच्या वर्षी तिनं लावलं होतं. नव्या सुनेच्या हातानं बाग सुरू करायची, ही त्या घरची रीत. इथली जमीन उंच कशी, असं तिनं तेव्हा विचारलंही होतं. माती चांगली हाये, म्हणाला होता गजेंद्र. माती कसली, तो कालव्याचा काठ होता.

आणि याच वाटेवर रस्ता करायचं डोकंही त्याचंच होतं! ठराव त्यानं लिहून आणला, तिनं सही ठोकली. एकदा खडी पडली की कालवा कोण शोधतो, आणि काठ तरी कोण विचारतो? सरपंचकी तिची आणि कारभार त्याचा. ती गर्दीतल्या गजेंद्रपुढे जाऊन उभी राहिली.

"अवो, तुमाले ठावं होतं?"

गजेंद्रनं घसा खाकरला. "घरी बोलू."

उत्तर मिळालं. ती गंगूबाईकडे वळली. "तुमाले बी ठावं होतं?"

"साऱ्यायले ठावं हाये, बाई. रस्ता झाला तवा वाटलं, तुमी दोघायनं मिळूनच केलं."

"मंग मले पैसे काहून देल्ले?"

या प्रश्नाचंच गंगूबाईला नवल वाटलं. "तू वर्गणी मांगाले आली ना. मले वाटलं, पोरगी आता पानी वापस करून राहिली."

एवढी वर्षं माणसं रामराम करत होती, घरी येऊन चहा पीत होती, आणि तिला चोर समजत होती. त्यातून जिनं तिला भली धरलं, तिनं बकरी विकली होती.

"कुंदन, मशीन आमच्या बागेत घाल."

"पागल झाली का?" गजेंद्र मशीनला आडवा झाला. "आंबिया लागून हाये झाडायले!"

"जागा आपली नाही. बाजूले व्हा."

तो हलला नाही, म्हणून ती त्याला वळसा घालून गेली. बेशरम तोडायला आणलेली कुऱ्हाड तिनं उचलली आणि पहिला घाव स्वतः लावलेल्या झाडावर घातला. मग दुसरा, तिसरा. कुणी तिला थांबवलं नाही, गजेंद्रनंही नाही. झाड हादरून फळं टपटप मागोमाग आलेल्या गंगूबाईच्या पायाशी पडली.

गंगूबाई सवयीनं वेचायला वाकली आणि ओंजळ भरल्यावर थांबली. फळं अजून लिंबाएवढीच होती, ती कुणाच्याच कामाची नव्हती.