आधी की एकदम

तिनं दोन्ही फ्लास्क उजेडात धरले. डाव्यातलं द्रावण केव्हाच दुधाळ झालं होतं. उजव्यातलं अजून पाण्यासारखं नितळ.

दोन्हीकडे तोच रेणू. तीन कार्बनांचं चिमुकलं कडं आणि त्याला चिकटलेला ब्रोमिन. डावीकडे तो आतल्या अंगाला, उजवीकडे बाहेरच्या, एवढाच फरक. ब्रोमिन सुटला की द्रावण दुधाळ होतं. आधी ब्रोमिन सुटतो, मग कडं उघडतं, असं तिचं म्हणणं. दूरच्या विद्यापीठातले एक प्राध्यापक म्हणत, दोन्ही एकदमच होतं. केस पांढरे होईपर्यंत दोघं नियतकालिकांतून हमरीतुमरीवर येत राहिले. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही.

तिचं खरं असतं, तर ब्रोमिन कुठल्या अंगाला आहे यानं दोन्हींच्या वेगात एवढी तफावत पडलीच नसती. तिनं पुन्हा पुन्हा मोजलं. आकडे ऐकेनात.

"जिंकला म्हातारा," ती मोठ्यानं म्हणाली. प्रयोगशाळेत ऐकायला कुणी नव्हतं. तिला हसू आलं. आजच त्यांना कळवायचं, असं ठरवून ती हातमोजे काढत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"मी प्राध्यापकांची बायको बोलतेय," पलीकडचा आवाज थकलेला होता. "हे गेले. मागच्या आठवड्यात."

तिनं उरलेला हातमोजा काढून टेबलावर ठेवला.

"नातेवाइकांना कळवून झालं. मग तुमची आठवण झाली. जेवताना तुमच्याच नावानं बोटं मोडायचे. मी एकदा म्हटलं, त्यापेक्षा त्यांनाच जेवायला बोलवा!"

"मग?"

"लाजले. म्हणाले, समोर बसल्यावर भांडायला जमायचं नाही."

दोघी थोड्या हसल्या.

"त्यांचंच बरोबर होतं," ती म्हणाली. "आत्ताच कळलं. मी त्यांना सांगणारच होते."



"काय बरोबर होतं?" बाईंनी हळूच विचारलं. "इतकी वर्षं नुसतं हो हो करत आले. समजलं कधीच नाही. मला सांगाल?"

"वेळ लागेल."

"लागू दे. मला कुठं जायचंय?"

तिनं पायानं स्टूल ओढलं आणि बसली.

"तीन कार्बन असतात," ती म्हणाली. "एकमेकांना फार जवळ. अवघडून बसलेले."